गोठ्याच्या चौकटीबाहेर

अतिपरिचित कथेचे वाचन हे वाचन उरतच नाही. ते स्मरण होऊन बसते. व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी 1917 साली ज्या अपरिचितीकरणाचा विचार मांडला ते कलाकृतीच्या घडणीशी निगडित आहे. परंतु वाचकालाही कधी कधी ते स्वतःच्या स्मरणावर योजावे लागते, असा माझा येशूजन्माच्या कथेबाबतचा अनुभव आहे.

माझे बालपण वसईत गेले. घर हिंदू असले तरी डिसेंबरअखेरीस शेजारच्या आळ्यांतून नाताळ गोठे पाहत हिंडणे हा आमच्याही वर्षक्रमाचा भाग होता. पेंढ्याचे छप्पर, बैल आणि गाढव, मेंढपाळ, तीन राजे आणि मध्यभागी बाळ. पुढे शुभवर्तमाने संहिता म्हणून वाचू लागलो, तेव्हा हे दृश्य त्यांपैकी एकाही संहितेत या रूपात आढळले नाही. मेंढपाळ लूकचे आहेत, पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयाचे. त्यांची गाठ पडते ती केवळ आपल्या गोठ्यात. मत्तयाचे ज्ञानी 'घरात' प्रवेश करतात आणि त्यांची संख्या तो सांगत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसे तीन झाली. बैल व गाढव दोघांच्याही कथनात नाहीत. परंपरेने ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आणले आणि 1223 साली ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिस यांनी मांडलेल्या गव्हाणीने त्यांचे स्थान दृढ केले.

एवढे दाखवून समीक्षा थांबली तर ती क्षुल्लक ठरेल. जिवंत कथा अशाच वाढतात. फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाने 1616 साली ही कथा ओवीबद्ध केली तेव्हा अपरिचित कथा परिचित करणे हेच त्या कवीचे कार्य होते. आपल्यापुढचा प्रश्न नेमका उलटा आहे: परिचयाने या कथेतील काय झाकून टाकले?

धर्मशाळेच्या निष्ठुर मालकाचेच उदाहरण घेऊ. नाताळच्या नाटुकल्यांत तो हमखास दार लावून घेतो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मात्र तो नाही. तेथे ग्रीक शब्द आहे 'काताल्युमा'. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'उतारशाळा' असा शब्द आला आहे. परंतु हाच शब्द लूक बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात त्याला खरोखरीची धर्मशाळा हवी असते, तेव्हा तो 'पान्दोखेइऑन' हा निराळा शब्द योजतो आणि तिच्या चालकालाही कथेत स्थान देतो. या पुराव्याने वाद मिटत नाही, कारण 'काताल्युमा'चा अर्थ उतरण्याची कोणतीही जागा असाही होतो. तरीही पाहुण्यांनी भरलेले एखादे आप्तांचे घर आणि त्याच घरातील गव्हाण, हे वाचन शक्य होते. माजघरालगत गुरे बांधलेली घरे पाहिलेल्या मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ज्यांच्यासाठी दारे खरोखरच बंद झाली, त्यांना या कथेने शतकानुशतके आधार दिला आहे. शब्दार्थाच्या चिकित्सेसाठी तो आधार काढून घेण्याचा समीक्षकाला अधिकार आहे काय?

दोन्ही संहिता वेगवेगळ्या वाचल्या की या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यातच सापडते. लूकच्या कथनाचा आरंभ सम्राट औगुस्ताच्या नावनिशीच्या हुकुमाने होतो. गर्भवती स्त्रीला प्रवासाला निघावे लागते ते त्या हुकुमामुळे. मत्तयाच्या कथनात हेरोद राजा सिंहासनाच्या भीतीने बेथलेहेमातील दोन वर्षांपर्यंतच्या मुलग्यांची हत्या करवितो. मरिया व योसेफ बाळाला घेऊन मिसर देशात पळतात आणि मागे आपल्या मुलांसाठी रडणारी राहेल उरते. म्हणजे बेघरपण कथेत आहेच, आणि ते बंद दारापेक्षा कितीतरी भीषण आहे. मात्र त्याचे कारण एका दरवाजावरच्या माणसाचा कद्रूपणा नसून सत्ता हे आहे. एकाच्या लेखी प्रजा मोजण्याची वस्तू आहे, तर दुसऱ्याच्या लेखी संपविण्याची.

धर्मशाळेचा मालक आपल्याला सोयीचा असतो. त्याच्यावर रुष्ट होऊन आपण सहजच सज्जनांच्या पंक्तीत बसतो आणि सम्राट व राजा दृश्याबाहेर निघून जातात. औगुस्त आणि हेरोद यांच्या मूर्ती गोठ्यात सहसा नसतात, आणि भक्तीच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. वाचकाला मात्र ती मुभा नाही. त्या दोघांना वगळून वाचलेली जन्मकथा सुंदर राहील; परंतु ते कुटुंब वाटेवर का होते, हे तिच्यातून कळणार नाही.