आ वासलेला शेजारी

स्वराज द्वीपच्या (२०१८पर्यंतचं हॅवलॉक) पाण्यात तोल सावरायला प्रवाळाला हात लावणार, तोच इन्स्ट्रक्टरने माझं मनगट धरलं. समोरच्या कपारीतून जाडजूड, तपकिरी, काळ्या ठिपक्यांचं डोकं बाहेर आलेलं. जायंट मोरे ईल! आपल्या वाम माशाचा दांडगा नातेवाईक, पार तीन मीटरपर्यंत वाढणारा. तोंडाची सारखी उघडझाप. माझी जाम टरकली!

वर आल्यावर कळलं, तो दात दाखवत नव्हता. तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांतून सोडत श्वास घेत होता. दिवसा कपारीत आराम, रात्री वासावर शिकार. घशातला दुसरा जबडा पुढे येऊन भक्ष्य आत ओढतो, हे संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. माणसाला चावतो तो बहुधा घरात हात घुसला तरच. म्हणजे घुसखोर मीच की! तुम्ही गेलात तर डोळे भरून बघा, हात मात्र आवरा.