रविवारची शाळा

चिरंजीवांची नोकरी दक्षिण कोरियांतील देगू या शहरीं असल्यामुळें मागें एका हिवाळ्यांत आम्हां उभयतांस तेथें दोन महिने राहण्याचा योग आला. परदेशगमनाची हकीकत म्हटली कीं विमान, बर्फ आणि गगनचुंबी इमारती यांचें वर्णन वाचकांस अपेक्षित असतें. तें सारें मीं घरच्या मंडळींना पत्रांतून कळविलें आहे, आणि आमच्या एकत्र कुटुंबांत पत्रें मोठ्यानें वाचण्याची चाल असल्यामुळें शेजाऱ्यांनाहि तें पाठ झालें असेल. येथें मला फक्त एका रविवारची गोष्ट सांगावयाची आहे.

देगू हें तेवीस लाखांच्या आसपास वस्तीचें शहर. उत्तरेस पाल्गोंगसान, दक्षिणेस आपसान असे डोंगर, आणि मध्यें वाटीसारखी सपाटी. त्यामुळें उन्हाळ्याच्या तापाबद्दल या शहराची साऱ्या देशांत ख्याति आहे. हिवाळ्यांतला वारा मात्र हाडांपर्यंत पोंचतो. शहराच्या मधून सिंछन नांवाची लहानशी नदी वाहते. नदी कसली, आपल्याकडील ओढाच. पण दोन्ही कांठांनीं चालण्याच्या वाटा बांधून लोकांनीं तिचें कोडकौतुक केलें आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका संध्याकाळीं चिरंजीव म्हणाले, "बाबा, रविवारीं सकाळीं नदीकांठीं धांव आहे. मी धांवणार आहें. ज्यांना धांवतां येत नाहीं त्यांच्यासाठीं सहकुटुंब पायीं फेरी आहे. तुमचीं सर्वांचीं नांवें घातलीं आहेत."

"कशाप्रीत्यर्थ?" मीं विचारलें.

"शाळेंतल्या मुलांनीं एकदां रविवारीं शाळा मोडली होती, त्याप्रीत्यर्थ."

माझी सारी हयात शाळेंत गेलेली. शाळा मोडणाऱ्यांचा उत्सव करण्याची ही कल्पना मला प्रथम रुचली नाहीं, हें कबूल करतों. पण सूनबाईंनीं सर्वांसाठीं लोकरी टोप्या काढून ठेविल्या होत्या आणि नात तर आदल्या रात्रीं छातीवरचा क्रमांक लावूनच निजली. तेव्हां माझें मत विचारण्याचा प्रश्नच उरला नाहीं.

सकाळीं नदीकांठीं पोंचलों तों माणसांची ही गर्दी! धांवणारे तरुण उड्या मारून अंग तापवीत होते. त्यांच्या मागें आमच्यासारख्या पायीं चालणाऱ्यांचा ताफा : बाबागाड्यांतील तान्हीं मुलें, हात धरून चालणारे आजी-आजोबा, खांद्यावर बसलेलीं पोरें. एका बाजूस गरम खाण्याचे तंबू होते. वाफाळलेलें एक सार पाहून सौ. पुढें झाली, पण सूनबाईंनीं तें माशाचें असल्याचें सांगतांच दोन पावलें मागें सरली. सुदैवानें पलीकडे भाजलेलीं रताळीं मिळत होतीं. "एकादशी नसतांना एकादशी घडली," असें म्हणत तिनें तीं पदराखालीं ऊब राहावी म्हणून धरलीं. इशारा झाला, चिरंजीव गर्दीबरोबर दिसेनासे झाले, आणि आमची फेरी संथपणें निघाली. त्या फेरींत चालतां चालतां सूनबाईंनीं जी हकीकत सांगितली, व जी मीं मागाहून नीट समजून घेतली, ती अशी :

१९६० सालीं दक्षिण कोरियांत सिंगमन री हे अध्यक्ष होते. १९४८ पासून सत्ता त्यांच्याच हातीं होती आणि वयाचीं पंच्याऐशीं वर्षें पुरीं होत आलीं होतीं. १५ मार्चला निवडणूक व्हावयाची होती. विरुद्ध पक्षाचे उमेदवार चो ब्यॉंग-ओक हे उपचारासाठीं अमेरिकेस गेले असतां फेब्रुवारींत तेथेंच वारले. त्यामुळें अध्यक्षपदाची चुरस संपली. उरली ती उपाध्यक्षपदाची; आणि अध्यक्ष इतके वृद्ध असल्यावर उपाध्यक्ष म्हणजे उद्यांचा अध्यक्ष, हें कोणासहि समजण्यासारखें होतें. सरकार पक्षानें ली की-पूंग यांस उभें केलें होतें. विरुद्ध पक्षाचे छांग म्यॉन हे त्या वेळीं उपाध्यक्षपदावरच होते आणि लोकांचा त्यांच्याकडे ओढा होता.

या छांग म्यॉन यांचें भाषण रविवार ता. २८ फेब्रुवारी रोजीं देगूंत, याच नदीच्या कांठीं ठरलें होतें. विद्यार्थी तें ऐकावयास जातील ही अधिकाऱ्यांना धास्ती. म्हणून हुकूम सुटला कीं रविवार असला तरी सरकारी शाळांतील मुलांना शाळेंत हजर ठेवावें. आठ शाळांना हा हुकूम लागू झाला. खरें कारण सांगण्याची सोय नव्हती. तेव्हां प्रत्येक शाळेनें आपआपल्या बुद्धीप्रमाणें कारण शोधलें. ग्यॉंगबुक हायस्कुलानें पुढें यावयाची परीक्षा अलीकडे ओढली. कोठें चित्रपट दाखविण्याचें ठरलें. देगू हायस्कुलानें तर मुलांना सशांच्या शिकारीस नेण्याचें जाहीर केलें!

सशांच्या शिकारीला मी मोठ्यानें हंसलों. पुढें चालणाऱ्या दोन बायांनीं वळून पाहिलें. पण हंसूं ओसरल्यावर मनांत निराळेंच येऊं लागलें. संस्कृत शिकलेल्यांस 'अनध्याय' हा शब्द परिचित आहे. अध्ययन केव्हां बंद ठेवावें याची मोठी याद स्मृतिकारांनीं दिली आहे : मेघगर्जना, धुळीचें वादळ, अमावास्या, आणि त्यांतच एक प्रसंग असा कीं, कोणी शिष्ट पुरुष घरीं आला असतां पाठ बंद ठेवावा. लहानपणीं पाठशाळेंत आम्ही या शेवटच्या नियमाची फार वाट पाहत असूं, आणि गांवांत विद्वान् पाहुणे फारच क्वचित् येतात अशी आमची तक्रार असे. पाहुणा आला म्हणून पाठ बंद ठेवणें ही आपली परंपरा. येथें पाहुणा आला म्हणून पाठ सुरू केला! सुटीच्या दिवशीं शाळा भरविणें हें वरून पाहतां विद्येचें प्रेम वाटावें, आणि आंतून तो विद्येचा सापळा असावा.

मुलांना तो सापळा दिसला. आदल्या रात्रीं निरनिराळ्या शाळांतील पुढारी विद्यार्थी ग्यॉंगबुक हायस्कुलांतील ली दे-ऊ याच्या घरीं जमले आणि बेत ठरला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्या शाळेच्या आवारांत मुलें गोळा झालीं, ली दे-ऊ यानें निवेदन वाचलें, आणि सारीं रस्त्यावर आलीं. शाळेला राजकारणाचें हत्यार करूं नका, हें त्यांच्या मागण्यांतलें मुख्य. बानवोलदांगच्या चौकांतून तीं प्रांतिक कचेरीवर गेलीं. दुसऱ्या शाळांचीं मुलें, मुलीहि, निघालीं. शिक्षकांनीं फाटकें अडविलीं, पोलिसांनीं शंभरावर मुलांना धरलें. पण प्रकरण वाढेल या भीतीनें बहुतेकांना लवकरच सोडून दिलें. त्या दिवशीं कोणाचा प्राण गेला नाहीं. म्हणूनच कीं काय, पुढें घडलेल्या भयंकर गोष्टींच्या छायेंत हा दिवस पुष्कळ वर्षें मागें पडला होता. राष्ट्रीय स्मरणदिन म्हणून त्याला मान्यता मिळाली ती २०१८ सालीं.

फेरी अर्ध्यावर आली तेव्हां सौ.चे गुडघे बोलूं लागले, म्हणून आम्ही एका बांकावर टेकलों. शेजारीं ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. छातीवर आमच्यासारखाच क्रमांक. सूनबाईंच्या मध्यस्थीनें बोलणें सुरू झालें. त्या दिवशीं ते स्वतः त्या मुलांत होते. मीं अर्थातच सशांची चौकशी केली. ते म्हणाले कीं ससा त्यांनीं त्या दिवशीं पाहिला नाहीं, आणि पाहण्याची आशाहि नव्हती. मग मीं विचारलें, "आणि तुमचे शिक्षक?"

ते जरा थांबले. "फाटकाशीं हात पसरून उभे होते. आम्ही त्यांच्या हातांखालून गेलों. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं हजेरी घेतली आणि पुस्तक उघडावयास सांगितलें. ते त्याविषयीं कधीं बोलले नाहींत, आम्हीहि नाहीं."

नंतर त्यांनीं माझा व्यवसाय विचारला. सूनबाईंनीं 'सॉन्सेंगनिम' असा शब्द सांगितला. त्याचा अर्थ गुरुजी. तो ऐकतांच ते गृहस्थ, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनीं वडील, काठीवर भार देऊन उभे राहिले आणि कमरेंतून वांकून त्यांनीं मला नमस्कार केला.

वाचकहो, त्या नमस्कारानें माझें तोंड उतरलें. कारण सौ.लाहि मीं तोंवर न सांगितलेली एक गोष्ट आहे. नोकरी लागून मला फार वर्षें झालीं नव्हतीं. एक बडे पाहुणे गांवीं यावयाचे होते आणि रस्त्याच्या दुतर्फा मुलें उभीं पाहिजेत असा शाळेला निरोप आला. वार रविवार. नुसतें बोलावलें तर मुलें येणार नाहींत, म्हणून वर्गशिक्षकांनीं युक्ति करावी असें ठरलें. माझी युक्ति म्हणजे संस्कृताची परीक्षा. मागच्या बांकावरच्या एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, परीक्षा खरोखरच आहे ना?" मी म्हणालों, "आहे." आणि आपण खोटें बोललों नाहीं असें मनाला सांगतां यावें म्हणून रात्रीं बसून प्रश्नपत्रिकाहि काढली. रविवारीं मुलांनीं अर्धा तास परीक्षा दिली आणि तीन तास उन्हांत उभीं राहिलीं. पाहुणे दुसऱ्याच रस्त्यानें निघून गेले. एका मुलीला भोंवळ आली; तिला मांडवाखालीं निजवून तोंडावर पाणी मारलें तें मींच. त्या मुलानें पुढें वर्षभर वर्गांत मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. हुशार मुलगा होता. त्याचे प्रश्न मला आवडत असत. ते कागद मीं तपासले नाहींत, आणि टाकूनहि दिले नाहींत.

हें मीं तेथें, त्या बांकावर, सूनबाईंना सांगितलें आणि त्या गृहस्थांना सांगावयास सांगितलें. तिनें किती सांगितलें कोण जाणे. ते ऐकत होते. नंतर त्यांनीं सौ.जवळच्या रताळ्यांकडे बोट करून कांहीं विचारलें, आणि आम्ही चौघांनीं तीं वांटून खाल्लीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती इतिहासाच्या पुस्तकांतून मिळते. १५ मार्चची निवडणूक उघड उघड लबाडीची झाली. त्याच दिवशीं समुद्रकांठच्या मासान शहरीं लोक उठले आणि पोलिसांनीं गोळ्या घातल्या. त्या दिवसापासून नाहींसा झालेला किम जू-यूल हा विद्यार्थी ११ एप्रिल रोजीं बंदराच्या पाण्यांत मृत सांपडला; अश्रुधुराचें नळकांडें त्याच्या डोळ्यांत रुतलेलें होतें. १९ एप्रिलला राजधानी सेऊलमध्यें विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. या आंदोलनांत सुमारें १८६ जीव गेले. आणि २५ एप्रिल रोजीं, माझ्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सुमारें अडीचशें प्राध्यापकांनीं निवेदनावर सह्या केल्या आणि विद्यार्थ्यांनीं सांडलेल्या रक्ताची भरपाई करण्याचें आवाहन लिहिलेला फलक घेऊन ते रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशीं री यांनीं अधिकार सोडण्याचें जाहीर केलें. शिक्षक आले, पण विद्यार्थ्यांच्या मागून, आठ आठवड्यांनीं. मीं तर तेवढेंहि केलें नाहीं.

त्यानंतर त्या देशाचें सर्व सुरळीत झालें असें मात्र नाहीं. पुढच्याच वर्षीं, मे १९६१ मध्यें, लष्करानें सत्ता घेतली. आणि अध्यक्ष थेट लोकांनीं निवडण्याचा हक्क पक्का व्हावयास १९८७ साल उजाडावें लागलें.

फेरीनंतर आम्ही गांवाच्या मध्यवस्तींतील त्या दिवसाच्या नांवाच्या उद्यानांत गेलों. पूर्वीं तेथें एक प्राथमिक शाळा होती. उद्यानावरून जाणाऱ्या एका बसचा क्रमांक ५१८ आहे. चिरंजीवांनीं तो मुद्दाम दाखविला. १९८० सालीं १८ मे पासून ग्वांगजू शहरांत लष्कराविरुद्ध उठाव झाला व पुष्कळ नागरिक मारले गेले. त्या तारखेचा हा आंकडा. बसला तो सहजगत्या मिळालेला. पण ग्वांगजूच्या लोकांनीं २०१९ पासून आपल्या एका बसला बुद्धिपुरस्सर २२८ हा क्रमांक दिला आहे. हीं दोन शहरें राजकारणांत एकमेकांचीं फारशीं मित्र नव्हेत; देगू परंपरेनें एका पक्षाचें, ग्वांगजू दुसऱ्याचें. तरी एकाच्या रस्त्यांवरून दुसऱ्याची तारीख रोज धांवत असते.

चिरंजीव धांवेंत कितवे आले हें कोणीं विचारलें नाहीं व त्यांनींहि सांगितलें नाहीं. नातीला २ मार्चपासून नवा वर्ग सुरू व्हावयाचा होता. घरीं जातांना आगगाडीच्या डब्यांत ती माझ्या मांडीवर डोकें ठेवून विचारती झाली, "आजोबा, आमच्या बाईंनीं रविवारीं बोलावलं तर जायचं का?"

"कशाला बोलावलं तें आधीं विचारायचं," मीं म्हटलें.

"आणि बाईंनीं खोटंच सांगितलं तर?"

मला उत्तर सुचलें नाहीं. तोंवर ती झोंपली होती.

येथें परत आल्यावर माळ्यावरची पेटी खालीं काढविली. कागद बेचाळीस आहेत. वाळवीनें कडा खाल्ल्या आहेत, पण नांवें वाचतां येतात. तांबडी शाई हल्लीं सहज मिळत नाहीं. धाकट्या बंधूंनीं पुण्याहून दौत आणून दिली. रोज दुपारीं जेवणानंतर दोन-तीन कागद तपासतों.