राऊतील प्रपंच आणि वर्षाचा हिशेब

इंदूर शहराच्या नैर्ऋत्येस, महूच्या वाटेवर, सुमारे बारा-तेरा किलोमीटरांच्या अंतरावर राऊ लागते. माळव्याच्या काळ्या, सुपीक मातीत वसलेल्या या ठिकाणास आज गाव म्हणावे की शहर, असा प्रश्न प्रवाशास पडतो. येथे नगर परिषद आहे, रेल्वेचे स्थानक आहे, शेजारून आग्रा-मुंबई हमरस्ता जातो. एका टेकडीवर १९९६ साली स्थापन झालेली भारतीय प्रबंध संस्था उभी आहे. जवळच १९८४ साली सुरू झालेले व पुढे डॉ. राजा रामण्णा यांचे नाव लाभलेले प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तरीही हमरस्ता सोडून थोडे आत वळावे, तो बटाट्याची शेते, गोठे आणि अंगणातील तुळशीवृंदावने दृष्टीस पडतात. गेल्या फाल्गुनात काही दिवस आमचा मुक्काम राऊस होता. देवळे, राजवाडे व निसर्गशोभा पाहण्यास लोक प्रवास करतात. आम्ही मात्र या खेपेस तेथील साध्या माणसांचा महिन्याचा जमाखर्च कसा चालतो, हे पाहण्यात अधिक रमलो. वाचकांसही त्यात आपल्या घरचे काही आढळेल, अशी आशा आहे.

मराठी माणसास हा मुलूख परका वाटत नाही. होळकरांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे इंदुरात व आसपास पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. सकाळी पोहे आणि जिलेबी, दुपारी वरण-भात, सणाला पुरणपोळी आणि पाहुणा आला की दाल-बाफले, असा दोन्ही चालींचा मेळ त्यांच्या स्वयंपाकघरात पहावयास मिळतो. हिशेबाची शिस्तही या भूमीस नवी नाही. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन निराळे हिशेब असत. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची जहागीर लावण्यात आली, आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत अहिल्याबाईंनी हा भेद कसोशीने पाळला. कोणता पैसा कोणत्या कामाचा, हे आधी ठरवावे आणि मग खर्चास हात घालावा, एवढे साधे तत्त्व त्यात आहे. राज्यास जे लागू, ते दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासही लागू पडते.

राऊच्या ज्या आळीत आम्ही उतरलो होतो, तेथे शेजारी शेजारी तीन घरे होती. पहिले घर शेतकऱ्याचे. कार्तिकात बटाटा लावायचा आणि माघ-फाल्गुनात काढायचा, हा त्याचा क्रम. माळव्याचा बटाटा चिप्ससाठी नावाजलेला आहे. १९७२ साली प्रसृत झालेली ‘कुफरी लवकर’ ही जात येथे पुष्कळ रुजली. नावाप्रमाणेच ती लवकर तयार होते. या शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो वर्षातून एकदोनदा, एकरकमी. भाव चढला तर घरात आनंद, उतरला तर काढणीची मजुरी सुटणेही कठीण.

दुसरे घर एका श्रमजीवी कुटुंबाचे. राऊ, महू आणि महूजवळील कोदरिया या भागांत बटाट्याचे काप उकडून, उन्हात वाळवून चिप्स करण्याचे कारखाने आहेत. ऊन तापू लागले की कामाची झिम्मड उडते, आणि पावसाळा आला की उघड्यावरचे वाळवण थांबते. या घरातील बायकांना चार महिने उसंत नसते, आणि पुढचे काही महिने मिळेल त्या कामावर काढावे लागतात.

तिसरे घर एका मराठी गृहस्थाचे. ते पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. १९८० नंतरच्या दशकात धार जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या या औद्योगिक वसाहतीने राऊच्या कितीतरी तरुणांस पगाराची नोकरी दिली. त्यांना ठरलेल्या तारखेस ठरलेली रक्कम मिळते. तिघांत हेच घर सर्वांत निश्चिंत असावे, असे आम्हांस वाटले होते. तेथील गृहिणी वही लिहिणाऱ्या. आम्ही त्यांच्या टापटिपीची स्तुती करताच त्या हसून म्हणाल्या, “महिन्याचं बसतं हो भाऊ, वर्षाचं बसत नाही.”

त्यांच्या या उद्गाराचा अर्थ आम्हांस त्या वहीनेच समजावून दिला. त्यातील आकडे हे त्यांच्या घरचे गुपित. म्हणून वाचकांसाठी तशाच एका पाच माणसांच्या कुटुंबाचा नमुना आम्ही येथे मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत.

समजा, दरमहाची प्राप्ती २४,००० रुपये आहे. घरभाडे ५,५००, किराणा, तेल, डाळी ५,५००, दूध व भाजी ४,०००, गॅस, वीज व पाणी २,२००, जाणे-येणे आणि दूरध्वनी २,३००. बेरीज १९,५०० रुपये. म्हणजे महिनाअखेर ४,५०० रुपये शिल्लक दिसतात. गृहस्थ समाधानाने वही मिटतो.

आता त्याच घराचे वर्षभरातील ठळक खर्च पाहा. चैत्रात वर्षाचे गहू भरायचे, ते चार क्विंटल, तीन हजारांच्या भावाने १२,०००. आषाढाच्या सुमारास मुलांची फी, पुस्तके व गणवेश १८,०००. दिवाळी आणि कपडालत्ता ९,०००. आजार व औषधपाणी ९,०००. महाराष्ट्रातील लग्नकार्यास जाणे आणि आहेर ६,०००. दुचाकीचा विमा व घराची किरकोळ दुरुस्ती ६,०००. एकूण ६०,००० रुपये. बारांनी भागता दरमहा ५,०००. म्हणजे जेथे ४,५०० ची शिल्लक दिसत होती, तेथे वस्तुतः दरमहा ५०० रुपयांची तूट आहे! ती वहीत कोठेच लिहिलेली नसते, कारण वही महिन्याची असते. ती एकदम प्रकट होते जून-जुलैत, शाळेच्या दारी.

तूट भरून काढण्याचा सोपा दिसणारा मार्ग म्हणजे कर्ज. शेकडा तीन रुपये महिना हा दर ऐकण्यास क्षुल्लक वाटतो; परंतु वर्षाला तो छत्तीस टक्के होतो. १२,००० रुपये घेतले तर महिन्याचे व्याजच ३६० रुपये. येथे आम्हांस राऊवरून जाणाऱ्या लोहमार्गाची आठवण झाली. १८७० च्या सुमारास महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, ते साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. बलाढ्य सरकारास साडेचार टक्के, आणि मुलाच्या फीसाठी हात पसरणाऱ्या कामगारास छत्तीस! काळ निराळा, कारण निराळे, हे खरे. तथापि ज्याच्यापाशी पैसा कमी, त्यालाच तो महाग मिळतो, ही जगाची रीत या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते.

धान्याच्या बाबतीतही तोच अनुभव. माळव्यात सुगी संपताच वर्षाचे गहू घेण्याची जुनी चाल आहे. गहू उन्हात तापवून, एरंडेल चोळून किंवा कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरतात. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने गव्हाचा आधारभूत भाव क्विंटलला २,४२५ रुपये ठरविला होता. बाजारात चांगल्या गव्हास याहून अधिक पडतात, तरीही सुगीतला गहू पिठाच्या पिशवीपेक्षा स्वस्तच. परंतु त्यासाठी एकरकमी दहा-बारा हजार हाती हवेत. ज्या घरी ते नसतात, ते घर दर आठवड्यास पाच किलोची पिशवी आणते आणि वर्षाअखेर अधिक पैसे मोजते. ज्यांच्या शिधापत्रिकेस अन्नसुरक्षा कायद्याचा लाभ आहे, त्यांस जानेवारी २०२३ पासून सरकारी धान्य विनामूल्य मिळते, हा मोठाच आधार. पण भाडे, फी आणि औषध यांना शिधापत्रिका नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण खर्चाची वाटच बदलली आहे. उत्पन्न वाढू लागले की त्यातील अन्नाचा हिस्सा कमी होत जातो, असा सिद्धांत जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगल यांनी १८५७ साली मांडला. आपल्याकडे मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये गिरणगावातील घरोघरीचे जमाखर्च गोळा केले, आणि तेव्हापासून अशा पाहणीची परंपरा आहे. औद्योगिक कामगारांसाठी महागाईचा जो निर्देशांक काढतात, त्याच्या केंद्रांत इंदूरही आहे. २००१ हे वर्ष पायाभूत धरलेल्या अखिल भारतीय निर्देशांकात अन्नाचा भार शेकडा ४६.१९ होता, २०१६ च्या पायावर तो ३९.१७ झाला. उलट शिक्षण, औषधोपचार, प्रवास इत्यादी संकीर्ण खर्चांचा भार २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीत तर शहरी कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा शेकडा ३९.६८ भरला.

या आकड्यांचे मर्म असे. आपल्या आजीच्या काळी संसाराचा हिशेब म्हणजे मुख्यतः ताटाचा हिशेब होता. ताट रोजचे असते. कमी पडले तर आज भाजी बदलता येते, उद्या डाळ पातळ करता येते. फी आणि रुग्णालयाचे बिल पातळ करता येत नाही. ती वर्षातून एकदाच येतात आणि पूर्ण रक्कम मागतात. म्हणून केवळ महिन्याच्या काटकसरीवर भिस्त ठेवणारी कर्तव्यदक्ष गृहिणीही आज फसते, आणि दोष मात्र स्वतःच्या उधळेपणास देते. तिने चार वेळा चहा कमी केला तरी जूनची खिंड लढविता येत नाही.

हे केवळ माळव्यातच घडते असे नाही. दूर आफ्रिकेतील नायजेरिया देशाच्या लागोस राज्यात घरभाडे महिन्याला देण्याची चाल नाही. ते वर्षाचे, कधी दोन वर्षांचे एकदम मागतात. म्हणून २०११ साली तेथील राज्याने भाडेकरूंसाठी कायदा केला आणि नव्या भाडेकरूकडून एका वर्षाहून अधिक आगाऊ भाडे मागण्यास बंदी घातली. २०२३ च्या मेमध्ये इंधनावरील सरकारी सवलत बंद झाली, महागाई भडकली, आणि २०२४ च्या जुलैत किमान मासिक वेतन ३०,००० नायरांवरून ७०,००० नायरांवर न्यावे लागले. पगार महिन्याचा आणि भाडे वर्षाचे, ही तेथील कुटुंबाची अडचण आपल्या राऊच्या गृहिणीस तत्काळ उमजेल. त्यावर तेथील योरुबा लोकांचा जुना तोडगाही तिच्या ओळखीचा आहे. दहा-बारा जणांनी दरमहा ठराविक वर्गणी काढावयाची आणि एकेकाने पाळीपाळीने सर्व रक्कम उचलावयाची. त्यास ते ‘एसुसू’ म्हणतात. आपण भिशी म्हणतो, माळव्यात बीसी.

राऊच्या त्या आळीतही बायकांची भिशी आहे. तीत आम्हांस एक गोष्ट फार आवडली. चिठ्ठी टाकून नंबर काढण्याऐवजी, कोणाची गरज कोणत्या महिन्यात, हे आधीच बोलून ठरविले आहे. पगारदार घराची पाळी जूनमध्ये, शाळेपूर्वी. चिप्सच्या कामावर जाणाऱ्या बाईची पाळी श्रावणात, हातास काम नसते तेव्हा. शेतकऱ्याच्या घराची पाळी आश्विनात, बियाणे घेण्याच्या वेळी. तीन घरांच्या प्राप्तीचे तीन निराळे ताल एकमेकांच्या उपयोगी पडले! अशा भिशीत ओळख आणि विश्वास हेच तारण असते. म्हणून ती आळीपुरती, माहितीच्या माणसांतच ठेवावी. अनोळखी माणसाच्या मोठ्या व्याजाच्या आमिषास बळी पडू नये, हे सांगणे अवश्य आहे.

ज्या घरी भिशी नाही, त्यांनीही एक करता येईल. एक कोरा कागद घ्यावा. त्यावर चैत्र ते फाल्गुन, वा जानेवारी ते डिसेंबर, असे बारा रकाने पाडावेत. गतवर्षी ज्या ज्या महिन्यात मोठी रक्कम गेली ती तेथे लिहावी. बेरजेस बारांनी भागावे, आणि येणारी रक्कम पगाराच्या दिवशीच, भाड्याच्या बरोबरीने, बाजूस काढावी. तिला शिल्लक म्हणू नये. ती आधीच खर्च झालेली आहे, फक्त तिची तारीख पुढे आहे. अहिल्याबाईंची खासगी आणि दौलत जशी निराळी, तशी ही रक्कम घरखर्चाहून निराळी राहावी. टपाल कार्यालयात वा बँकेत दरमहा ठेव ठेवण्याची सोय आहेच. आणि एवढे करूनही तूट निघाली तर? निदान ती चैत्रातच कळेल. मग कोणता खर्च आखडता घ्यावा, घरात कोणी जोडकाम करावे काय, लग्नातील आहेर बेताचा द्यावा काय, याचा विचार पतिपत्नींनी मिळून, शांतपणे करता येईल. तूट जूनमध्ये कळली तर विचारास वेळ नसतो, सावकाराचे दार तेवढे उघडे असते.

राऊस पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. कीर्तिमान संस्था आहेत, टेकडीवरून दिसणारी सुंदर संध्याकाळ आहे. परंतु मोठ्या शहराच्या छायेत, वाढत्या भाड्याच्या आणि वाढत्या फीच्या काळात, मुलांना शिकवीत, पाहुण्याला पोटभर जेवू घालीत, कर्जाशिवाय वर्ष पार पाडू पाहणारी माणसे तेथे आहेत. आमच्या मते त्या गावाची खरी शोभा तीच होय. आणि तशी माणसे प्रत्येक वाचकाच्या आळीतही असतील. येत्या जूनपूर्वी त्यांच्यापैकी कोणाची पाळी आधी लावता येईल काय, एवढे आपण आपल्या शेजारी बसून अवश्य बोलावे.