चाकावरचा संसार आणि हिवाळ्यातले पाणी

सातारा स्टेशनवरून पॅसेंजरने मिरजेला निघाले, की कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव मागे टाकीत गाडी मसूरला येते. डिसेंबरात खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, आणि तुटलेल्या फडाच्या कडेला पाचटाने शाकारलेल्या कोप्या. कोपीसमोर बैलगाडी किंवा ट्रॅक्टरचा ट्रेलर उभा असतो. आपण त्याला उसाचे वाहन समजतो. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास हाच ट्रेलर येतो तेव्हा त्यात ऊस नसतो, घर असते. पत्र्याची पेटी, धान्याची पोती, कोपीचे बांबू, शेळी, लेकरे, आणि दोरीने आवळून बांधलेला निळा प्लॅस्टिकचा ड्रम. बीड, परभणी, लातूर, जालना, शिवाय सांगलीतल्याच जतकडून ही कुटुंबे येतात. आपल्या समाजाचीही त्यात पुष्कळ आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणजे चार-पाच महिने घर चाकावर.

अमेरिका-कॅनडात हौशी लोक मोटारीमागे चाकाचे घर जोडून फिरतात. त्यात टाकी, नळ, गरम पाण्याचा बंब असे सारे असते. थंडी पडण्याआधी ते टाकी आणि बंब रिकामा करतात, नळ उघडून ठेवतात, नळ्यांत हवा मारून उरलेले पाणी काढतात. कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, आणि नळी कितीही चांगली असली तरी तडकते. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दव गोठते, त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. कृष्णाकाठी तेवढी थंडी नाही. इथे ड्रम फुटत नाही, माणसाचे हाडच कडकडते.

कोपीतल्या बाईचा दिवस पहाटे अंधारातच सुरू होतो. ड्रममधले पाणी रात्रभर उघड्यावर राहून बर्फासारखे झालेले. त्यातच भांडी, त्यातच तोंड धुणे, मग दवाने भिजलेल्या उसात शिरायचे. पाणी भरायचे तेही शेतकऱ्याची मोटार चालू असेल तेव्हा. शेतीपंपाला रात्रीची लाईट असली, तर बाया रात्रीच घागरी घेऊन जातात. शहाण्या बाया लहान लेकराची आंघोळ दुपारवर ठेवतात. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातून सुरुवातीचे पाणी कोमट येते, तेवढे बादलीत धरतात. सरपण वाचते. हे कोणी त्यांना शिकवलेले नाही.

मसूर स्टेशन आपल्या घराघरांत माहीत आहे. १९०१ साली उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबासाहेब भावाभाच्यांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले, ते इथेच उतरले. दुप्पट भाडे देऊनही गाडी स्वतःच हाकावी लागली. गाडीत जेवण भरपूर होते, पाणी नव्हते. टोलनाक्यावर मागितले, मिळाले नाही. पोरे उपाशीच झोपली. आज त्याच शिवारात ड्रम घेऊन आलेल्या बाईला कोणी जात विचारीत नाही असे सरसकट म्हणता येणार नाही. गावातल्या सार्वजनिक नळावर फडकऱ्यांना ‘आधी गाववाल्यांचे होऊ द्या’ हे ऐकावेच लागते.

गाडी पुढे कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी करीत सांगली-मिरजेला पोचते. मिरजेहूनच ११ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या फेरीत दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर कृष्णेचे पाणी. पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली. त्या टाक्या आधी राजस्थानात कोटा येथे वाफेने धुऊन घेतल्या होत्या, कारण तेलाच्या टाकीत पिण्याचे पाणी भरता येत नाही. लातूरकडची माणसे कृष्णाकाठी मजुरीला येतात आणि कृष्णेचे पाणी त्यांच्या गावी जाते, हा उलटा प्रवास त्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने पाहिला.

रेल्वेने टाकी धुतली, तसा ड्रमही धुवायला हवा, हे फडावर सांगायला मात्र कोणी येत नाही. भंगारातून स्वस्तात मिळणारा ड्रम औषधाचा किंवा रसायनाचा असू शकतो. असला ड्रम कितीही घासला तरी पिण्याला घेऊ नये. खाण्याच्या मालाचाच बघून घ्यावा. आठ दिवसांनी रिकामा करून आतला बुळबुळीत थर चिंध्यांनी घासावा, उन्हात पालथा ठेवावा. तोंडाला फडके बांधावे, हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. गावच्या आरोग्य उपकेंद्रात मेडिक्लोरची बाटली मागावी. बाटलीवरच्या मापाने थेंब टाकून अर्धा तास थांबावे. पाटाचे पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावे, वर तुरटी फिरवावी. लेकराला जुलाब लागले तर खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात. म्हणून अर्ध्या तासाचे थांबणे महाग नाही.

मार्चमध्ये पट्टा पडला, की कोप्या मोडतात. पाचट तिथेच राहते, बांबू ट्रेलरवर चढतात. ड्रम पूर्ण रिता करून, कोरडा करून बांधतात, कारण वाटेत गचके बसून पाणी सांडले तर धान्य भिजते. एका छोट्या कॅनमध्ये मात्र प्यायचे पाणी भरून घेतात. बीडपर्यंतची वाट ट्रॅक्टरने दीड-दोन दिवसांची, बैलगाडीने त्याहून कितीतरी जास्त.