सच्छिद्र पदार्थ व आमचे तीन माठ

विज्ञानाच्या पुस्तकातील तीन माठांच्या गाळणीचे चित्र आमच्या विद्यार्थी मित्रांच्या पाहण्यात असेलच. वरच्या माठात कोळसा, मधल्यात वाळू आणि खालच्यात निवळशंख पाणी. हे चित्र आम्ही फळ्यावर इतक्या वेळा काढले आहे की, त्यावर आमची श्रद्धाच बसली होती. ती श्रद्धा कशी डळमळली, हे येथे निवेदन करण्याचे योजिले आहे.

आमची एक मावसबहीण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात दिलेली आहे. तेथील हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक पोटात गेले तर बालपणी, दात हिरडीत घडत असतानाच, त्यांवर तपकिरी पट्टे उमटतात. आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत. आमच्या भाचीचे दात तसे आहेत. पोर मोठी हसरी, परंतु हसू आले की हात आधी तोंडावर जातो. सहा वर्षांपूर्वी आम्ही तेथे गेलो, तेव्हा तिचा धाकटा भाऊ रांगत होता. याचे दात तरी वाचवावे, या हेतूने आम्ही मोठ्या उत्साहाने तीन माठ मांडून दिले.

पाण्याचा वास गेला. बहीण म्हणाली, "भाऊ, पाणी तं गोड लागते आता." आम्ही धन्य झालो! सुदैवाने निघताना गाळण्यापूर्वीचे व नंतरचे पाणी दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून नागपुरास आणले आणि तपासविले. फ्लोराइडचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच निघाले. ज्या पाण्यास आम्ही शुद्ध म्हणून आलो होतो, ते ते मूल आठवडाभर निर्धास्तपणे पीत होते.

असे का व्हावे? कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांच्या भिंतींवर वस्तू चिकटून राहते, हे आम्हीच शिकवितो. परंतु छिद्र असणे एवढेच पुरेसे नाही. त्याची भिंत कोणास धरते, हा खरा प्रश्न आहे. कोळशाची भिंत रंग व वास देणारे सेंद्रिय रेणू ओढून घेते. फ्लोराइडचा ऋणप्रभारित आयन मात्र पाण्याच्या रेणूंची दुलई घट्ट लपेटून तिच्याजवळून निघून जातो.

या शोधात असता आम्हांस सच्छिद्र सेंद्रिय बहुवारिकांची, म्हणजे पॉलिमरांची, माहिती मिळाली. कोळशाची छिद्रे जशी पडतील तशी पडतात. येथे ती ठरवून पाडता येतात. कार्बनी रेणूंचे ताठ तुकडे असे निवडावयाचे की, ते एकमेकांस जोडले असता मध्ये पोकळी राहिलीच पाहिजे. अशी रेखीव, स्फटिकरूप जाळी ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रथम प्रसिद्ध केली. (धातू घालून केलेल्या तिच्या भावंडांसाठी २०२५ चे नोबेल पारितोषिक त्यांस इतर दोघांसह मिळाले.) तथापि आरंभीच्या जाळ्यांस पाण्याचेच वावडे होते. जोडणी रेखीव व्हावयाची तर चुकलेला सांधा सुटून पुन्हा बसला पाहिजे. आणि सुटणारा सांधा पाण्यातही सुटतो!

ही अडचण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ साली मोठ्या युक्तीने सोडविली. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, कापड नीट बसले की पक्की शिवण मारतो, तसेच हे. अल्डिहाइड व अमाईन या दोन द्रव्यांचे रेणू प्रथम सुटत्या सांध्याने जुळतात. मग त्याच सांध्यातील अणू जागा बदलतात आणि तो कायमचा पक्का होतो. ही जाळी उकळत्या पाण्यात व तीव्र आम्लातही टिकली. बंद नळीत १२० अंशांवर तीन दिवस ठेवून केलेल्या या भुकटीच्या एका ग्रॅममधील भिंतींचे क्षेत्रफळ पाचशे चौरस मीटरांहून अधिक भरते. म्हणजे कबड्डीची चार मैदाने चिमटीत मावली! पुढे २०१३ साली त्याच गटाने तीच द्रव्ये साध्या खलबत्त्यात सुमारे पाऊण तास घोटून हाच पदार्थ केला. घोटता घोटता पिवळी पूड नारिंगी होते, मग गडद तांबडी. घोटलेल्या पदार्थाची छिद्रे तितकी रेखीव नसतात, हे खरे. परंतु आमच्या मनास जे भावले ते तो खलबत्ताच.

अशा पदार्थांत वायू साठविता येतात, धुरातील कार्बन डायऑक्साइड धरता येतो. आमचे लक्ष अर्थात पाण्याकडे होते. पुण्याच्याच आयसर या संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली भिंतींतच धनप्रभार बसविलेले एक जाळे प्रसिद्ध केले. ते पाण्यातील क्रोमियमयुक्त विषारी ऋण आयन ओढून घेते व त्यांच्या बदली निरुपद्रवी आयन सोडते. हे वाचून आमची आशा पुन्हा पालवली. परंतु फ्लोराइड येथेही अवघडच. साध्या धनप्रभारित राळेत सल्फेट व क्लोराइड आधी जागा अडवितात; फ्लोराइड दाराशीच उभे राहते. त्यासाठी भिंतीत त्याच्याच ओढीचे काही, जसे अ‍ॅल्युमिनियम, असावे लागते. नागपुरात १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने बसविलेली नलगोंडा पद्धत तुरटी व चुना वापरते, ती याच ओढीमुळे.

तुरटीचे माप रोज घरी अचूक सांभाळणे बहिणीस जमेना. शेवटी त्यांच्या शेतातील उथळ विहिरीचे पाणी तपासविले. ते मर्यादेत निघाले. तेव्हापासून मुलांच्या पिण्याचे पाणी तेथून डोक्यावर येते. आमच्या माठांपैकी एकात हल्ली ज्वारी असते.

धाकट्याचे पुढचे दोन पक्के दात यंदा आले. आम्ही त्यास खिडकीपाशी उजेडात नेऊन नीट पाहिले. पांढरे आहेत. "मामा, पाहू," म्हणत भाचीही वाकून पाहू लागली, हसली, आणि तिचा हात तोंडावर गेला.