सत्याचा शोध

'ब्योमकेश बक्षी' ही मालिका दूरदर्शनवर प्रथम १९९३ साली दाखवली गेली. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या कथांवर बासू चटर्जी यांनी ती तयार केली होती. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा लागली. तेव्हा अब्बा, अम्मी, मी आणि धाकटा भाऊ अशी आम्ही चौघे ती एकत्र पाहत असू.

या मालिकेत आरडाओरडा नाही, मारामारीही फारशी नाही. लहानथोर सर्वांना ती एकत्र बसून पाहता येते. धोतर नेसलेला ब्योमकेश शांतपणे पाहतो, ऐकतो आणि विचार करतो. त्याच्याबरोबर आम्हीही विचार करू लागलो. हा तिचा मोठा गुण.

पण एक दोषही मला कळला. एके दिवशी अम्मीची पाचशेची नोट हरवली. दूध आणायला भाऊच बाहेर गेला होता. झाले! मी गुप्तहेर बनले. सर्वांसमोर त्याला उलटसुलट प्रश्न विचारले. तो गप्प राहिला. रात्री जेवलाही नाही. सकाळी ती नोट रेशनकार्डाच्या पिशवीत सापडली.

अब्बा म्हणाले, "बेटी, कथेतला गुन्हेगार लेखकाला आधीच ठाऊक असतो. तुला काय ठाऊक होते?"

मालिकेत संशयित चार-पाचच असतात आणि गुप्तहेराचा तर्क शेवटी खरा ठरतो. घरात तसे नसते. ब्योमकेश स्वतःला 'सत्यान्वेषी', म्हणजे सत्याचा शोध घेणारा म्हणवतो. हा शब्द मी अनेकदा ऐकला होता. समजला मात्र त्या दिवशी.

मी भावाची माफी मागितली. मालिका सुरू झाली, तेव्हा तो माझ्याशेजारी येऊन बसला.