उजवा कव्हर

कबड्डीत चढाई करणाऱ्याचं नाव गल्लीभर होतं. पकडी करणाऱ्याचं नाव त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या सहा जणांना माहीत असतं. मी उजवा कव्हर खेळलो, आधी घाटकोपरच्या भटवाडीतल्या मंडळाकडून, मग एका कंपनीच्या व्यावसायिक संघातून. अमेरिकेत राहणाऱ्या आतेभावाने एकदा तिकडच्या फुटबॉलची मॅच लावली आणि म्हणाला, "हा लाईनबॅकर बघ, तुझंच काम करतोय." पुढच्या फळीमागे उभं राहायचं, चेंडू कुठे निघालाय ते ताडायचं आणि जाऊन धडकायचं. वडिलांकडून भारतीय असलेला ब्रँडन चिल्लर याच जागी खेळायचा, 2004 ते 2010, आधी सेंट लुईस रॅम्स आणि मग ग्रीन बे पॅकर्सकडून. त्यांना हेल्मेट आणि खांद्यांना पॅड. आम्हाला नी-कॅप, तीही स्वतःच्या खिशातून.

कव्हरचं काम बाहेरून सोपं दिसतं. चढाईपटू बोनससाठी किंवा कोपऱ्यावर आत शिरतो, कोपरा, म्हणजे कोपऱ्यात उभा असलेला गडी, त्याचा घोटा धरतो आणि कव्हरने मध्यरेषेकडची वाट अडवायची. पण लवकर गेलात तर तो तुम्हालाच शिवून परत जातो. उशीर झाला तर कोपऱ्याला फरफटत नेतो आणि त्याचा हात रेषेपलीकडे पडतो. मी नजर त्याच्या कमरेवर ठेवायचो. हात फसवतात, पाय फसवतात, खांदाही फसवतो, पण कमर वळली की माणूस तिकडेच जातो. आणि माझा कोपरा धरणार की नाही, हे मला तो धरायच्या आधी कळायला हवं. आमच्या कोपऱ्यातला गडी झेपावण्याआधी श्वास रोखायचा, त्याच्या हातात गुंफलेल्या माझ्या बोटांना ते कळायचं. वर्षानुवर्षं एकत्र खेळल्याशिवाय हे येत नाही. म्हणूनच दर मोसमाला संघ बदलणारा कव्हर मला कधीच फारसा पटला नाही.

मातीवर कोपर-गुडघे सोलून निघायचे, रात्री आंघोळीला पाणी घेतलं की जीव जायचा. पण माती पाय सरकू देते. मॅटवर बूट चिकटून बसतो, अंग वळतं आणि गुडघा मागे राहतो. माझा उजवा गुडघा असाच गेला. एसीएल, गुडघ्यातलं अस्थिबंधन.

व्यावसायिक संघ म्हटलं की लोकांना टीव्हीवरचे पैसे आठवतात. आमच्यात काही जण कायम नोकरीत होते, बाकीचे माझ्यासारखे अकरा महिन्यांच्या करारावर. दिवसा अंधेरीत ऑफिस, संध्याकाळी सराव. 8 जून 2014 ला वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि बसमधलं घामाघूम होणं संपलं. त्याच वर्षी 26 जुलैला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स. सगळे अनुप कुमारच्या चढाया बघत होते, मी विशाल माने कव्हरला कसा उभा राहतो ते. लिलावाच्या यादीत पुढे माझंही नाव गेलं, बोली लागली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली होती, 12.80 लाख. 2018 मध्ये एक कोटीची रेषा ओलांडली गेली, तेव्हा यू मुंबाने एक कोटी मोजले ते इराणच्या फझल अत्राचलीसाठी, म्हणजे डाव्या कोपऱ्यासाठी. त्या दिवशी भटवाडीत मीच पेढे वाटले! आई म्हणाली, "तुला काय मिळालं त्यातलं?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर करार पुढे वाढला नाही. कोणी घालवून दिलं नाही, फक्त नवीन कागद आला नाही.

आता संध्याकाळी किशोर गटाची मुलं शिकवतो. प्रत्येकाला रेडच मारायची असते. मी आधी सगळ्यांना पकडीला उभं करतो, त्यावर आया नाराज असतात. एकीने विचारलं, "सर, नोकरी कशाने लागेल, रेडने की पकडीने?" मी म्हटलं, "ताई, त्याच्या दहावीच्या मार्कांकडे आधी बघा." अभ्यास सोडायचा नाही या अटीवर तिच्या मुलाला घेतलंय. डाव्या कोपऱ्यात बरा खेळतो. घोटा धरल्यावर सोडायची घाई करतो, तेवढं सुधारायला हवं.